शेळ्या-मेंढ्यांना जंताचे औषध पाजताना

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



मृगाचा पाऊस पडला, बांधावर हिरवं दिसू लागलं, की आपल्या जालना जिल्ह्यात औषधांच्या दुकानांवर एक मागणी वाढते : "जंताची बाटली द्या." चांगली गोष्ट आहे. शेळ्या-मेंढ्यांना जंताचं औषध द्यावं लागतं, हे आता कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण बाटली घरी आल्यावर पुढं काय होतं, त्याविषयी आज बोलायचं आहे. जंताचं औषध न दिल्यानं जनावर दगावतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. चुकीच्या रीतीनं पाजल्यानंही ते दगावतं. आणि मापापेक्षा कमी पाजलं, तर जनावर कदाचित वाचतं, पण ते औषधच हळूहळू निकामी होत जातं. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

आपल्याकडे शेळी म्हणजे घरातल्या बाईच्या हातचा पैसा. १९७२ चा दुष्काळ असो की २०१२-१३ चा, जालना जिल्ह्यानं पाहिलं आहे, की विहिरी आटल्या आणि पीक गेलं तरी दोन-चार शेळ्यांवर घर तग धरतं. मुलाची फी, दवाखाना, बियाणं, अडीनडीला बोकड विकला की काम भागतं. तेव्हा शेळीच्या पोटातला जंत हा आपल्या गाठीचा पैसा खाणारा जंत आहे, असं समजा.

जंत नुकसान कसं करतो?

शेळ्या-मेंढ्यांत जंत पुष्कळ प्रकारचे असतात. काही गोल, सुतळीच्या धाग्यासारखे. काही चपटे, फितीसारखे. काही पानाच्या आकाराचे, काळजात म्हणजे यकृतात राहणारे. पावसाळ्यात सर्वांत घातक ठरतो तो गोलकृमींतला एक, हिमॉन्कस नावाचा. हा शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. बोटाच्या एक-दीड पेराएवढा, पण एक जंत दिवसाला साधारण ०.०५ सी.सी. रक्त खातो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण हजार जंत असले तर रोजचं ५० सी.सी. रक्त गेलं. वीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं सव्वा ते दीड लिटर. म्हणजे महिन्याभरात तिच्या अंगातल्या सगळ्या रक्ताएवढं रक्त जंतांच्या पोटात जातं. नवं रक्त तयार व्हायला सकस चारा लागतो आणि तोच कमी असतो. मग शेळी खंगते.

या जंताची मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. ती अंडी लेंडीबरोबर बाहेर पडतात. पावसाळ्याची ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याच्या आत त्यांतून अळ्या तयार होतात. या अळ्या दवानं ओल्या झालेल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. सकाळी शेळीनं ते गवत खाल्लं की अळ्या पोटात जातात आणि तीन आठवड्यांत त्यांच्या नव्या माद्या अंडी घालू लागतात. म्हणूनच पावसाळ्यात एक-दीड महिन्यातच कळप बघता बघता उतरतो.

खूण कोणती? पुष्कळ जण म्हणतात, "आमच्या शेळ्यांना हगवण नाही, म्हणजे जंत नाहीत." हे खरं नव्हे. रक्त पिणाऱ्या या जंतात हगवण लागेलच असं नाही; लेंडी चांगली बांधलेली असते आणि शेळी मात्र आतून पांढरी पडत असते. खूण बघायची ती डोळ्यात. खालची पापणी अंगठ्यानं अलगद खाली ओढा. आतला भाग लालबुंद असेल तर शेळी ठीक आहे. फिकट गुलाबी असेल तर सावध व्हा. पांढुरका झाला असेल तर रक्त फार कमी झालं आहे, दिरंगाई करू नका. दुसरी खूण, जबड्याखाली पाण्याची मऊ सूज लोंबते. संध्याकाळी चरून आल्यावर ती जास्त दिसते. तिसरी, चरायला निघालेल्या कळपाच्या मागं मागं राहणारी, थोडं चालली की दम टाकणारी शेळी.

पहिली गोष्ट : कोणत्या जंतावर कोणतं औषध

बाटली दिसायला सारखी असली तरी प्रत्येक औषध प्रत्येक जंतावर चालत नाही. फेनबेंडाझोल गोल जंतांवर चालतं, पण यकृतातल्या पानासारख्या जंतावर नेहमीच्या मापात चालत नाही. लेव्हामिसोल फक्त गोल जंतांवर. अल्बेंडाझोल गोल जंत आणि फितीसारखे जंत यांवर चालतं. पानासारख्या जंतावर चालवायचं तर माप वाढवावं लागतं आणि तेव्हाही फक्त पूर्ण वाढलेले जंत मरतात. यकृतातल्या जंतासाठी ऑक्सिक्लोझानाईडसारखी वेगळी औषधं आहेत.

आपल्या जिल्ह्यात हा फरक जमिनीप्रमाणे ध्यानात ठेवावा लागतो. पानासारखा जंत पाण्यातल्या गोगलगायीमार्फत पसरतो. अंबड, घनसावंगी, परतूर या भागांत जायकवाडीचा डावा कालवा फिरतो. कालव्याच्या कडेची झिरपण, चारीतलं साचलेलं पाणी, दुधनेच्या काठची दलदल, पाझर तलावाची हिरवी कड, अशा ठिकाणी चरणाऱ्या जनावरांना या जंताचा धोका जास्त. भोकरदन-जाफराबादकडच्या कोरड्या माळावर चरणाऱ्या कळपाला तो कमी, पण गोल जंताचा धोका आहेच. तेव्हा शेजाऱ्यानं आणली तीच बाटली आपणही आणावी, हा हिशेब बरोबर नाही.

मग कळणार कसं? लेंडी तपासून. पाच-सहा शेळ्यांच्या ताज्या लेंड्या, जमिनीवर पडायच्या आत घेतल्या तर उत्तम, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वेगवेगळ्या बांधा, सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. कोणता जंत आहे आणि साधारण किती आहे, ते समजतं. मग डॉक्टर सांगतील ते औषध आणा.

दुसरी गोष्ट : वजनाप्रमाणे माप

समजा, घरी वीस शेळ्या आहेत आणि ९० सी.सी.ची एक बाटली आणली. बाटली सगळ्यांना पुरवायची म्हणून प्रत्येकीला साडेचार सी.सी. दिलं. आता हिशेब करून बघा. अडीच टक्क्यांच्या अल्बेंडाझोलमध्ये एका सी.सी.त २५ मिलीग्रॅम औषध असतं. डॉक्टरांनी शेळीला किलोमागे १० मिलीग्रॅम सांगितलं असेल, तर वीस किलोच्या शेळीला २०० मिलीग्रॅम, म्हणजे ८ सी.सी. हवं. आपण दिलं साडेचार, निम्म्याहून थोडं जास्त. एक बाटली वाचवली, पण औषध वीसही शेळ्यांना पुरतं लागू झालं नाही.

आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. कमी औषधात कच्चे जंत मरतात, चिवट जंत जगतात. पुढची सगळी पिलावळ त्या चिवट जंतांची होते. तीही औषधाला दाद देत नाही. असं तीन-चार पावसाळे झालं की तीच बाटली पूर्ण मापानं पाजूनही उपयोग होत नाही. ही नुसती भीती नाही. थायबेंडाझोल हे औषध १९६१ साली बाजारात आलं आणि १९६४ सालीच अमेरिकेत त्याला न जुमानणारे जंत आढळले. आपल्या देशातही मेंढ्या-शेळ्यांच्या कळपांत औषधाला न जुमानणारे जंत सापडले आहेत. नवीन औषध काही दर वर्षी निघत नाही. हातात आहे ते जपून वापरायला हवं.

तेव्हा वजन काढा. करडू, पाट, बोकड यांना गोणपाटाच्या झोळीत घालून ताणकाट्याला टांगा, वजन कळतं. काटा नसेल तर टेपनं मोजा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत घ्या. खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत घ्या. घेराला घेरानं गुणा, येईल त्याला लांबीनं गुणा आणि ६६० नं भागा. उत्तर किलोत येतं. उदाहरणार्थ, घेर २८ इंच, लांबी २५ इंच. अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस, ७८४. त्याला पंचविसानं गुणलं, १९,६००. त्याला ६६० नं भागलं, तर जवळजवळ ३० किलो. आपल्याकडची भरलेली उस्मानाबादी शेळी साधारण याच वजनाची असते. हाच हिशेब गाईला-म्हशीलाही चालतो.

कळप मोठा असेल तर लहान, मध्यम, मोठे असे तीन गट करा आणि गटातल्या सर्वांत जड जनावराच्या वजनानं त्या गटाचं माप ठरवा. सरासरीनं ठरवू नका.

माप करताना आणखी तीन गोष्टी बघा. एक, बाटलीवरचे टक्के वाचा. तेच औषध अडीच टक्क्यांचंही मिळतं आणि दहा टक्क्यांचंही. दहा टक्क्यांचं चौपट तीव्र असतं. दोन, बाटली दर वेळी चांगली हलवून घ्या. हे औषध पांढरं, गढूळ असतं आणि त्याचा गाळ तळाशी बसतो. न हलवता पाजलं तर पहिल्या शेळ्यांना नुसतं पाणी आणि शेवटच्यांना सगळं औषध. तीन, बुचानं किंवा चहाच्या चमच्यानं मोजू नका. सुई काढलेली प्लॅस्टिकची पिचकारी घ्या, तिच्यावर सी.सी.च्या रेघा असतात.

मेंढीचं माप शेळीला लावू नका. शेळीच्या अंगातून ही औषधं लवकर निघून जातात, म्हणून तिला मेंढीपेक्षा जास्त माप लागतं. किती जास्त, ते औषधाप्रमाणे बदलतं. डॉक्टरांना विचारूनच वाढवा. कारण सगळीच औषधं जास्त झाली तर सोसत नाहीत. लेव्हामिसोल जास्त झालं तर जनावर लाळ गाळतं, थरथरतं. क्लोझँटेल जास्त झालं तर आंधळेपण येऊ शकतं. आणि शेळी-मेंढी फळल्यापासून पहिला महिना-दीड महिना अल्बेंडाझोल पाजू नका. पोटातल्या गर्भाला ते बाधतं. तेव्हा बोकड कधी दाखवला, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवण्याची सवय लावा.

तिसरी गोष्ट : पाजायची रीत

आता सर्वांत महत्त्वाचं. पातळ औषध पाजताना ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलं, तर फुप्फुसात उतरतं. त्या वेळी जनावराला ठसका लागतो, मग ते उभं राहतं आणि आपल्याला वाटतं, निभावलं. दोन-तीन दिवसांनी ताप येतो, नाकातून घाण येते, श्वास जोरात चालतो, खाणं सुटतं. घरातले म्हणतात, "औषध बाधलं," "औषध उष्ण पडलं." खरं पाहता औषधाचा काही दोष नसतो. ते पोटात न जाता फुप्फुसात गेलं, एवढंच. अशी बरीच जनावरं वाचत नाहीत.

हे होतं ते मान वर उचलल्यानं. गाई-बैलाचं शिंग धरून मान आभाळाकडे करायची, एकानं जीभ बाहेर ओढायची आणि वेळूच्या नळकांड्यानं सगळं एकदम ओतायचं, ही जुनी पद्धत सोडून द्या. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही. मान ताणली की श्वासाची वाट उघडी पडते.

बरोबर रीत अशी. शेळीला भिंतीच्या कोपऱ्यात उभं करा. तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी पाय टाकून, गुडघ्यांत हलकं धरून उभे राहा. डावा हात हनुवटीखाली ठेवून तोंड जरासं उचला. नाकाचं टोक डोळ्याच्या पातळीच्या वर जाऊ देऊ नका. तोंडाच्या कोपऱ्यात, पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथून पिचकारीची नळी आत घाला. नळी जिभेच्या मागच्या भागापर्यंत जाऊ द्या, घशात खुपसू नका. आता थोडं थोडं, गिळायला वेळ देत पाजा. गळ्यावर गिळल्याची हालचाल दिसली की पुढचं. ठसका लागला तर लगेच मान सोडा, तिला खोकू द्या. मग उरलेलं पाजा. जिभेच्या टोकावर ओतलेलं औषध पुष्कळदा थुंकून जातं, तेही ध्यानात ठेवा.

धाप लागलेल्या, आडव्या पडलेल्या जनावराला तोंडातून काही पाजू नका. त्याला डॉक्टरच हवेत. औषध सकाळी, चरायला सोडण्याआधी पाजावे. पाणी मात्र तोडू नये.

म्हशीच्या रेडकांविषयी एक वेगळी सूचना. रेडकांना मोठे गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. म्हणून त्यांना औषध लवकर, जन्मल्यापासून दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान द्यावे. यासाठी पायपरेझिनसारखं पातळ औषध मिळतं. इतक्या लहान जीवाला पाजताना घाई करू नका; माप डॉक्टरांकडून घ्या.

चौथी गोष्ट : सगळ्यांना सरसकट नको

पूर्वी आपण सांगत असू, दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला औषध द्या. आता हा सल्ला बदलला आहे. सगळ्यांना वारंवार औषध दिलं की कच्चे जंत पार संपतात आणि रानात अंडी पडतात ती फक्त चिवट जंतांची. त्यापेक्षा काही सशक्त शेळ्यांना औषध न देता सोडलं, तर त्यांच्यातल्या कच्च्या जंतांची अंडी रानात पडत राहतात, चिवट जंतांची पैदास त्यांच्यात मिसळून जाते आणि औषधाचा गुण अधिक वर्षं टिकतो.

दक्षिण आफ्रिकेत मेंढपाळांसाठी डोळ्याच्या पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ता केला गेला. त्याला फामाचा म्हणतात. पहिली पायरी लाल, पाचवी पांढरी. पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या जनावराला औषध नको. चौथ्या-पाचव्याला लगेच हवं. तिसऱ्या पायरीवर करडू, गाभण, दुभती किंवा खंगलेली शेळी असेल तर द्यावं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पापण्या बघायच्या. चार-पाच शेळ्या असलेल्या बाईला दहा मिनिटांचं काम आहे. मात्र हा तक्ता फक्त रक्त पिणाऱ्या जंतासाठी आहे. हगवण, खुंटलेली वाढ, निस्तेज केस दिसले तर लेंडी तपासावीच लागेल.

औषधाचा गुण आला की नाही, तेही पडताळा. पाजल्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांची लेंडी पुन्हा तपासून घ्या. अंडी शंभराची पाचच्या आत आली तर औषध चाललं. तशीच राहिली तर पुन्हा तेच औषध पाजत बसू नका. दुसऱ्या गटातलं औषध डॉक्टर ठरवतील. नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नव्हे. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच गटातली भावंडं आहेत.

आणि औषध हे अर्धंच काम. पावसाळ्यात दव उतरल्यावर कळप सोडा. डबक्याच्या कडेचं गवत टाळा, पाणी हौदातलं पाजा. लेंडीखताचा ढीग नीट रचून कुजवा. त्याच्या आतल्या उष्णतेनं अंडी-अळ्या मरतात. करडांना मोठ्या शेळ्यांपासून वेगळं, कोरड्या जागेवर ठेवा. अंगात ताकद असलेली शेळी जंताला तोंड देते, म्हणून सुबाभूळ, शेवरी, तुरीचं भुसकट जे असेल ते जोडीला द्या.

पळसपापडी, वावडिंग, मोरचुदाचं पाणी हे जुने उपाय घरोघरी होते. त्यांतला मोरचूद मेंढीला विषारी ठरतो. तो मुळीच वापरू नका. वनस्पतींना माप ठरवणं कठीण. शेळी पांढरी पडली असताना त्यांच्यावर विसंबून राहू नका.

दूध आणि मटण याविषयी बाटलीवर लिहिलेलं असतं, की औषधानंतर किती दिवस ते विकायचं नाही. ते दिवस पाळा. गिऱ्हाईकाच्या घरातही लहान मुलं असतात. जनावरांची बाटली घरातल्या माणसांना देऊ नये आणि मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

थोडक्यात ध्यानात ठेवा :

१. आधी पापणी बघा, लेंडी तपासून घ्या, मग औषध आणा.

२. टक्के वाचा, बाटली हलवा, वजनाप्रमाणे पिचकारीनं मोजा. एक बाटली वीस जणींत वाटू नका.

३. नाक डोळ्याच्या वर नको. जीभ ओढायची नाही. थोडं थोडं पाजा. ठसका लागला की मान सोडा.

४. नुकत्या फळलेल्या शेळीला अल्बेंडाझोल नको.

५. सशक्त शेळ्यांना विनाकारण औषध नको.

६. दोन आठवड्यांनी गुण आला का, ते पडताळा.

काही अडचण आली तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथंही सल्ला मिळतो. जाताना बाटली किंवा तिचं खोकं बरोबर न्यायला विसरू नका, म्हणजे काय पाजलं आणि किती पाजलं, ते डॉक्टरांना लगेच कळेल.

या आठवड्यात एवढंच करा. संध्याकाळी शेळ्या घरी आल्या की एकेकीची पापणी खाली ओढून बघा आणि फिकट दिसेल तिच्या गळ्यात चिंधी बांधा. कोणाला औषध लागणार, ते तुम्हाला तिथंच समजेल.